कालवणाचा मान

विंझरला आमच्या घरी पाहुणे येणार असं कळलं की चुलीपाशी पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माळकरी हायेत का?" उत्तर 'नाही' असेल तर पुढचं सगळं आपसूक होतं. मटण येतं, वाटण होतं, एक कालवण, भाकऱ्या आणि भात. आणखी काय केलं, असं त्या दिवशी कोणी विचारत नाही. उत्तर 'हो' आलं की घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. दोन भाज्या पुरतील का? नसरापूरहून पनीर आणवायचं का? गोड काय? चार-पाच पदार्थ रांधून, वाढून, भांडी पालथी घातली तरी रात्री अंथरुणावर पडताना एकीच्या तरी मनात येतंच, पाहुण्यांचं पोट भरलं असेल ना?

या पुस्तकाचा विषय ती काळजी आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, दिवसभर रानात राबून किंवा मैलोगणती चालून आलेल्या माणसाला बिनमटणाचं असं जेवण कसं द्यायचं, की त्याने समाधानाने ताटावर आडवा हात धरावा? पुढच्या पानांतले पदार्थ त्यासाठी आहेत. पण पदार्थांआधी मला जे सांगायचं आहे ते थोडं लांबण लावून सांगते, कारण नुसती कृती वाचून हे जमत नाही.

आमचं गाव कुठे आहे ते आधी सांगते, कारण तिथली माती ताटात उतरते. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर फाट्याला पश्चिमेकडे वळलं की रस्ता वेल्ह्याकडे जातो. त्याच रस्त्यावर, मार्गासनीच्या जवळ विंझर. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी वेल्हंच आहे. पाऊस इथे दांडगा. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. भात कापला की खाचराच्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दंवावर हरभरा, मसूर, वाटाणा, पावटा होतो. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. म्हणजे ज्या जमिनीत भात पिकतो, तिथेच भाताचं कालवणही पिकतं. ज्वारी-बाजरी मात्र पूर्वेकडून, पुरंदर-बारामतीच्या बाजूची येते. ही शिदोरी ज्या घरात आहे, त्या घराला माळकरी पाहुण्याची धास्ती वाटावी, याचं मला फार वर्षं वाईट वाटत आलं आहे.

ती धास्ती मलाही होती. लग्न होऊन आले त्या वर्षी कार्तिकात आमच्याकडे भजनी मंडळी जेवायला होती. चौदा माणसं, सगळी माळकरी. सासूबाई आजारी होत्या, म्हणून सगळं माझ्यावर आलं. मी पुण्यात वाढलेली. मटारचा पुलाव, फ्लॉवर-बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पातळ वरण, पुऱ्या आणि गुलाबजाम असा बेत केला. ताटं रंगीत दिसत होती. मंडळी कौतुक करून जेवली, कोणी काही उणं काढलं नाही. साडेदहाला भजन रंगात आलं असताना पखवाज वाजवणारे आजोबा उठून आत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, एखादी भाकर हाय का गं? ठेच्याबरूबर बी चालंल." त्यांच्या मागून आणखी दोघे आले. माझ्या घरी जेवून उठलेली माणसं दोन तासांनी उपाशी होती. तो प्रसंग आठवला की आजही घशात आवंढा येतो. त्यांनी अगदी मायेने विचारलं होतं, म्हणूनच तो मनाला जास्त लागला.

काय चुकलं होतं? पदार्थ सहा होते, पण त्यांत पोटाला धरून ठेवणारा एकही नव्हता. वरण पातळ, फ्लॉवर म्हणजे बहुतांश पाणी, पुऱ्या मैदा मिसळलेल्या, आणि भाताबरोबर मटार नावाला. चावायला काही नाही, भुरकायला काही नाही. गोड लवकर वाढल्यामुळे भूक मेली आणि तितक्याच लवकर परत जागी झाली.

पुढच्या महिन्यात तीच मंडळी आली तेव्हा सासूबाई उठून बसत्या झाल्या होत्या. त्यांनी एकच कालवण करायला सांगितलं, पावट्याचं. दोन दिवस आधी भिजवून फडक्यात बांधलेल्या पावट्याला बोटाच्या पेराएवढे मोड आले होते. सासूबाई पाट्यापाशी बसून सांगत गेल्या, मी करत गेले. चुलीच्या निखाऱ्यात अख्खे कांदे सालीसकट भाजायचे, साल काळी झाली आणि आतून रस सुटला की काढायचे. सुक्या खोबऱ्याची वाटीही विस्तवावर धरायची, कडा जळू लागल्या की विझवायची. तीळ, धने, थोडी खसखस कोरडी भाजायची. लसूण, आलं, कोथिंबीर. हे सगळं पाट्यावर, पाण्याचा हात लावत, लोण्यासारखं होईपर्यंत. मी मध्येच थांबले तर म्हणाल्या, "मटणाला एवढं वाटतीस का न्हाई? मग पावट्यानं काय घोडं मारलंय?"

हे वाक्य या पुस्तकाचा पाया आहे. मटणाला आपण अर्धा दिवस देतो. वाटण त्याचं, घरचा काळा मसाला त्याचा, मंद विस्तव त्याचा, तवंग येईपर्यंत वाट पाहणं त्याचं. आणि कडधान्याला काय देतो? कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वरून फोडणी. मग म्हणतो, शाकाहारी जेवणात जीव नसतो.

त्या दिवशी तेलात वाटण इतकं परतलं, की तेल कडेने सुटून वर आलं. मग घरचा काळा मसाला, हळद, मग पावटा. पावटाही वाटणात कोरडाच पाच-सात मिनिटं परतायचा, दाण्याला मसाला चिकटला पाहिजे. त्यावर आधणाचं पाणी. गार पाणी ओतलं की तवंग बसतो आणि दाणा आकसतो, म्हणून शेजारच्या चुलीवर आधण चढवलेलंच असायचं. उकळी आल्यावर लाकडं ओढून घेतली आणि कालवण तासभर नुसतं रटरटत राहिलं. शेवटी पळीभर शिजलेला पावटा ठेचून परत त्यात मिसळला. रस्सा त्यानेच मिळून येतो, डाळीचं पीठ लावावं लागत नाही. आमसूल दोन. मीठ शेवटी. दाणा अख्खा, पण जिभेने टाळूला दाबला की पसरणारा.

नाचणीच्या भाकरी, हा रस्सा, भात, तिळाची चटणी, कांदा, ताक. गोड म्हणून शेवटी गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे. भजन मध्यरात्रीपर्यंत चाललं. आत कोणी आलं नाही.

यामागचं शास्त्रही सांगायला हवं. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते तांदूळ, नाचणी, बाजरी, तीळ यांच्यात मिळतं. दोन्ही एका जेवणात आली की एकमेकांचं उणं भरून निघतं. पावट्यात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिन असतं. माणशी ६० ग्रॅम कोरडा पावटा, दीड-दोन भाकरी आणि मध्यम भात धरला तर ३०-३५ ग्रॅम प्रथिन पोटात जातं. हाडासकट दीडशे ग्रॅम मटणातून साधारण २० ते २५ ग्रॅम मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ही जास्तीची कमाई. शिवाय कडधान्याचा तंतू सावकाश पचतो, तिळा-खोबऱ्याचं तेल जठरात अन्न थोडं थांबवून ठेवतं, आणि मोडाचा दाणा चावून खावा लागतो. चावण्याने भूक भागते हे आपल्या आज्या शास्त्र न शिकताही ओळखून होत्या. जगात जिथे जिथे कष्टकऱ्यांना मांस रोज परवडलं नाही, तिथे हीच जोडी सापडते. मेक्सिकोत मका आणि घेवडा, अरबांच्या मुलखात मसूर-भातावर काळपट तळलेला कांदा. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचं म्हणून पाळलं आणि २०२३ हे भरडधान्यांचं. आमच्या शिवाराला ती दोन्ही वर्षं लागू पडतात.

आता मापाबद्दल. मराठीत पाककृतींची पुस्तकं काही आजची नाहीत. 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरातल्या नव्या सुनांना धीर मिळाला. माझ्याकडेही ते होतं, पानं सुटेपर्यंत वापरलं. पण चौकोनी कुटुंबाच्या वाटीने चौदा माणसांची पंगत मोजता येत नाही. नुसता गुणाकार केला की मीठ चुकतं, पाणी चुकतं, विस्तव तर चुकतोच. गावाकडे माप चिपट्या-मापट्याचं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. आता चिपटं पाहिलेल्या सुना कमी राहिल्या, म्हणून मी प्रत्येक कृतीला किलोचं माप दिलं आहे, आणि ते सगळं वीस माणसांचं आहे. वीस माणसांना सव्वा किलो कोरडा पावटा, दोन किलो तांदूळ, तीन किलो पिठाच्या तीसेक भाकरी. भिजून पावटा दुप्पट होतो, म्हणून भिजवायला टोप मोठा घ्या, आणि भिजवलेलं पाणी टाकून द्या. उग्रपणा आणि पोटातला वारा बराचसा त्या पाण्याबरोबर जातो.

चौदा पाहुण्यांसाठी वीसचं माप का? कारण रांधणाऱ्या मोजायच्या राहतात. माझ्या लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी पाहिलं आहे : पुरुषांची पंगत, मग मुलं, मग बाहेरून आलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या शेवटी घरच्या बायका टोपाच्या बुडाशी राहिलेला रस्सा आणि खरपुडी भात घेऊन बसलेल्या. पावट्याचा दाणा त्यांच्या वाट्याला आलाच नाही. ज्यांनी सकाळपासून पाट्यावर हात झिजवले, त्यांच्या ताटात ते कालवण दाण्यासकट पडलं पाहिजे. माप धरताना स्वतःला मोजा, आणि मदतीला आलेल्या शेजारणीलाही. या एका गोष्टीवर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

भाताबद्दल थोडं. आमच्या भागात इंद्रायणी घरोघर आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास त्याने थोडा राखला आणि उतारा बराच वाढवला. नव्या इंद्रायणीचा भात गिचका होतो. घरच्या माणसांना तो आवडतो, पण पंगतीला जुना तांदूळ काढा. जुना फुलतो, पाणी जास्त घेतो, आणि रस्सा धरून ठेवतो. ताटात भाताचा ढीग करून मध्ये आळं करायचं आणि त्यात कालवण ओतायचं. बाजूने ओतलं की ते ताटभर पळतं आणि पाहुणा भाताऐवजी रस्सा आवरत बसतो.

तिथी पाहायला मात्र विसरू नका. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याचं हवं तेवढं करून खातात आणि पुढे चातुर्मासात पुष्कळ घरं कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवला की वांगं परत चुलीवर येतं. कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्यासाठी वाटणात तिळाचं आणि खोबऱ्याचं माप वाढवायचं, आलं दुप्पट, हिंग मोकळ्या हाताने, आणि आंबटाला चिंच. यात काही कमी पडत नाही. उलट मसुराच्या कालवणाला ही चव अधिक शोभते असं माझं मत झालं आहे. एकादशीच्या फराळाचा विषय वेगळा आहे, त्याला इथे हात घातलेला नाही.

ऋतूंचंही थोडं. पावसात कुरडू, टाकळा, भारंगी, करटुली रानात मिळतात. त्यांचा तोंडी लावण्यापुरता उपयोग, पोट त्यांच्यावर सोडू नये. उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी हरभरा घालून केली तर ती मुख्य म्हणून चालते, कारण तिला चावणं आहे. हुलग्याचे शेंगोळे थंडीत. पुरणपोळी सणाची असली तरी तिच्या पोटभरपणाचं रहस्य येळवणीत आहे, पुरणाच्या हरभऱ्याच्या डाळीचं सत्त्व त्या पाण्यात उतरलेलं असतं. येळवणी पातळ आणि बेचव करणारं घर पुरणपोळी कितीही चांगली करो, पाहुण्याला अर्धंच जेवू घालतं.

कडधान्य किंवा डाळ हा जेवणाचा कणा धरून किती मोठी पंगत उठवता येते, हे पाहायचं असेल तर जुन्नर तालुक्यातल्या आणे गावी रंगदास स्वामींच्या यात्रेला जावं. तिथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी आसपासच्या गावांतल्या घराघरांतून थापून येतात. एक आमटी आणि एक भाकरी एवढ्यावर हजारो माणसं जेवून उठतात. आमच्याकडच्या हरिनाम सप्ताहांत हल्ली बुंदी आणि पुरीचा थाट वाढला आहे. बुंदीला माझी ना नाही, पण आठवडाभर पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत उभ्या असलेल्या माणसांना आमटी-भाकरीच हवी.

आणि पनीर. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत पाहुणचाराची प्रतिष्ठा पनीरवर येऊन बसली आहे. राजगड-तोरण्याला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मुलं येतात, पायथ्याच्या गावांतली घरं त्यांना जेवू घालतात. त्या घरांतही आता 'पनीर मिळेल' असं सांगितलं जातं. गड उतरून आलेल्या मुलांना पिठलं-भाकरी आणि पावट्याचं कालवण समोर आलं की ती कशी जेवतात ते मी पाहिलं आहे. पनीर त्यांना शहरात रोज मिळतं. आमच्या गृहिणींना मात्र पावटा वाढायची लाज वाटते, कारण तो खाचरातला, फुकटचा, गरिबीतला. ज्या कालवणाने पिढ्यांना नांगर धरायला बळ दिलं, ते पाहुण्यापुढे ठेवायला ओशाळं वाटणं हे मला सहन होत नाही. विकतचं पनीर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते पावट्याच्या जागी नको. पावटा पेरणारा शेतकरी पावटा खाणाऱ्या घरावर जगतो, आणि खाचरं भातानंतर पडीक राहू लागली आहेत हे आमच्या डोळ्यांदेखत घडतं आहे.

वाढण्याचे चार शब्द सांगून थांबते. पहिली भाकरी तव्यावरची गरम ताटात पडली पाहिजे, मग दुसऱ्या भाकरीचा आग्रह करावा लागत नाही. रस्सा प्रत्येक फेरीला तळातून ढवळून वाढा, नाहीतर पहिल्यांना तवंग आणि शेवटच्यांना दाणे असं होतं. आग्रह भाताआधी करा, भातानंतरचा आग्रह माणसाला जड होतो. ताक शेवटी, आणि ते आंबट नसावं.

या पुस्तकातल्या कृती विंझर आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायकांनी मला चुलीपाशी बसवून शिकवल्या. प्रत्येक कृती मी किमान दोनदा वीस माणसांसाठी करून पाहिली आहे, आणि जिथे माझं माप त्यांच्या हाताशी जुळलं नाही तिथे त्यांचा हात बरोबर धरला आहे. तुम्ही पहिल्यांदा करणार असाल तर पावट्याच्या कालवणापासून सुरुवात करा. पाहुणे रविवारी रात्री यायचे असतील तर पावटा शुक्रवारी रात्री भिजत घाला, शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. रविवारी दुपारपर्यंत मोड येतात. थंडी फार असेल तर ते गाठोडं चुलीच्या उबेला ठेवा.